ढवळायचे कशाने, तापवायचे कशावर?

संगमेश्वरात शास्त्री आणि सोनवी या नद्यांच्या संगमापासून थोड्या अंतरावर आमचे घर आहे. घराच्या मागच्या पडवीत एक जुने टेबल, दोन फळ्या आणि एक नळ आहे. हीच आमची रसायनशास्त्राची प्रयोगशाळा. शनिवारी दुपारी वाडीतली सात-आठ मुले येतात. शाळेच्या तासाला जे घाईत उरकावे लागते ते आम्ही इथे सावकाश करतो.

या पडवीत एकदा आग लागता लागता राहिली. पानातला स्टार्च दाखवण्याचा नेहमीचाच प्रयोग चालला होता. पान अल्कोहोलमध्ये ठेवून हरितद्रव्य काढायचे, अल्कोहोलची परीक्षानळी गरम पाण्याच्या चंचुपात्रात आणि चंचुपात्राखाली स्पिरिटचा दिवा. दिवा वेळेवर विझवायचा राहिला, अल्कोहोलची वाफ खाली आली आणि परीक्षानळीच्या तोंडावर निळी ज्योत उभी राहिली. एका मुलीने घाबरून नळी टाकली. ओले गोणपाट जवळच होते, म्हणून टेबलाची एक फळी काळी होण्यावर निभावले. त्या दिवशी आम्ही ठरवले की उघडी ज्योत या टेबलावरून जायला हवी. ज्योत नाही तर काय, याचा शोध घेताना 'हॉटप्लेटसह मॅग्नेटिक स्टिरर' या यंत्रापाशी येऊन पोचलो. त्यात आमचे थोडे पैसे वाया गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हे यंत्र पुष्कळांनी पाहिलेले असते. वर सपाट तबकडी, समोर दोन खुंट्या. एक खुंटी तापवण्याची, दुसरी ढवळण्याची. तबकडीवर चंचुपात्र ठेवायचे आणि द्रावणात पांढरी, गुळगुळीत, गोळीसारखी एक कांडी टाकायची. खुंटी फिरवली की कांडी आपोआप गरगर फिरू लागते आणि द्रावणात भोवरा तयार होतो. प्रयोगशाळेतली मंडळी या कांडीला नुसते 'बीड' म्हणतात, आपणही तेच म्हणू. आमच्याकडे पहिल्यांदा हे चालू केले तेव्हा एका मुलाने विचारले, ''सर, आत मासा सोडलात काय?''

मासा नाही, चुंबक. बीडच्या आत एक छोटा दंडचुंबक असतो आणि बाहेरून टेफ्लॉनचे आवरण. तबकडीच्या खाली मोटरच्या दांड्यावर दुसरा चुंबक बसवलेला असतो. खालचा फिरला की वरचा त्याच्यामागे फिरतो, मधली काच आणि पाणी त्याला अडवत नाहीत. अमेरिकेत १९१७ साली यासारख्या एका यंत्राला पेटंट मिळाले होते. त्यात खाली स्थिर विद्युतचुंबक होते. आज वापरात असलेली, खाली फिरणारा चुंबक आणि वर आवरण घातलेला दंडचुंबक अशी रचना आर्थर रोझिंजर यांची. त्यांच्या पेटंटवर १९४४ हे वर्ष आहे. टेफ्लॉनचा शोध त्याआधी सहाच वर्षांपूर्वी, १९३८ साली लागला होता. हे आवरण आम्ल, अल्कली कशालाही दाद देत नाही आणि सुमारे २६० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते.

पण मुळात ढवळायचे कशाला? वर्गात हा प्रश्न विचारून पाहा. मुले म्हणतील, ''लवकर विरघळावे म्हणून.'' मग विचारा, न ढवळल्यास किती वेळ लागेल? एका उंच काचेच्या भांड्यात पाणी भरून तळाशी मोरचुदाचा खडा अलगद सोडा आणि भांडे कपाटावर ठेवून द्या. निळा रंग वर चढायला किती दिवस लागतात, याची नोंद मुलांनीच ठेवावी. पाण्यात विरघळलेला कण स्वतःच्या हालचालीने, म्हणजे विसरणाने, एक सेंटिमीटर अंतर कापायला साधारण बारा-चौदा तास घेतो. अंतर पाचपट झाले तर वेळ पाचपट होत नाही, पंचवीसपट होतो. म्हणजे पाच सेंटिमीटरला दोन आठवडे! खड्याभोवती संपृक्त द्रावणाचा एक पातळ थर चिकटून बसतो आणि त्यातून बाहेर पडायलाच कणांना वेळ लागतो. ढवळल्याने हा थर पातळ होतो, एवढेच ढवळण्याचे काम. साखर चहात ढवळणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असते, पण थराची गोष्ट ठाऊक नसते.

ढवळण्याचा दुसरा उपयोग तापमानाशी आहे. ढवळले नाही तर द्रावणाचे तापमान सगळीकडे सारखे असेलच असे नाही. मग तापमापी कुठे धरली यावर उत्तर ठरते. तापमानाचा अभिक्रियेच्या वेगावर होणारा परिणाम मोजायचा असेल तर असे चालत नाही. तिसरा उपयोग आम्हाला सर्वात मोलाचा वाटतो. अनुमापन करताना मुलांचे दोन्ही हात मोकळे राहतात. आमच्याकडे आमसुलाचे लाल पाणी चंचुपात्रात घेऊन त्यात ब्युरेटमधून धुण्याच्या सोड्याचे द्रावण थेंब थेंब सोडतात. लाल रंग जाऊन निळसर-हिरवट छटा येते. आधी एक मूल ब्युरेट धरायचे, दुसरे पात्र हलवायचे आणि रंग नेमका कधी बदलला यावर दोघांचे भांडण व्हायचे. आता दोघेही रंगाकडेच बघतात. भांडण होतेच, पण ते रंगावरून.

आता खरेदीकडे वळू. हे लिहिताना इंटरनेटवरच्या दुकानांत तापवण्याची सोय असलेली छोटी यंत्रे साधारण दोन-तीन हजार रुपयांपासून दिसतात. महाविद्यालयांतून हमखास दिसणाऱ्या रेमीसारख्या जुन्या कंपन्यांची यंत्रे त्याच्या तिप्पट-चौपट किमतीला पडतात. आम्ही अर्थातच स्वस्तातले घेतले. पार्सल आले, मुलांनी टाळ्या वाजवल्या. दोन शनिवार ठीक गेले. तिसऱ्या शनिवारी तुरटीचे संपृक्त द्रावण करताना तबकडी चांगली तापली आणि बीड थांबली. आत मोटरचा आवाज येत होता. खुंटी कमी-जास्त करून पाहिली. बीड जागच्या जागी थरथरायची आणि पुन्हा गप्प बसायची.

प्लग काढून, यंत्र पूर्ण थंड होऊ देऊन ते उघडले. तबकडीच्या खाली जेमतेम बोटभर अंतरावर एका पट्टीवर दोन चकचकीत चकत्या डिंकाने चिकटवलेल्या होत्या. मध्ये उष्णता अडवणारे काही नाही. एका चकतीचा डिंक मऊ होऊन ती सरकली होती. त्याहून वाईट म्हणजे दोन्ही चकत्यांना आता चार टाचण्याही नीट उचलता येत नव्हत्या. चकत्या निओडिमियमच्या होत्या. १९८०च्या दशकात आलेले हे चुंबक आकाराच्या मानाने फार जोरदार असतात, पण साध्या प्रतीचा निओडिमियम चुंबक सुमारे ८० अंशांच्या पुढे आपली शक्ती गमावू लागतो आणि थंड झाल्यावर ती सगळी परत येत नाही. काळे, मातीच्या भांड्यासारखे दिसणारे फेराइट चुंबक तेवढे जोरदार नसतात, पण उष्णता पुष्कळ जास्त सोसतात. अल्निको तर त्याहूनही जास्त. म्हणजे ज्याच्या डोक्यावर चूल पेटवायची त्याच यंत्रात उष्णतेला सर्वात हळवा चुंबक बसवलेला होता.

इथे या यंत्राची मूळ अडचण कळते. ढवळण्यासाठी खालचा चुंबक बीडच्या जितका जवळ तितका चांगला. तापवण्यासाठी तो तबकडीपासून जितका दूर तितका चांगला. महाग यंत्रात या दोन्हींचा मेळ घालण्यासाठी मध्ये उष्णतारोधक थर, हवेची फट, मोठा चुंबक अशी तजवीज केलेली असते. तुम्ही जास्तीचे पैसे देता ते मुख्यतः या न दिसणाऱ्या दोन-तीन सेंटिमीटरचे. म्हणून असे जोडयंत्र घ्यायचेच असेल तर दुकानदाराला खालचा चुंबक कसला आहे आणि तबकडीखाली उष्णतारोधक आहे का, हे दोन प्रश्न विचारावेत. उत्तर मिळाले नाही तर परत करण्याची मुदत असतानाच एक कसोटी घ्यावी. चंचुपात्रात अर्धे पाणी घेऊन, पूर्ण उष्णतेवर अर्धा तास ठेवून बीड अखेरपर्यंत फिरते का पाहावे. थंड यंत्रावर पाच मिनिटे फिरवून दाखवणे ही कसोटी नव्हे.

तबकडी कशाची आहे, हेही पाहा. त्यासाठी एक छोटा प्रयोग वर्गात करता येईल. टेबलाच्या कडेला चुंबक धरून वर एक कागदाची क्लिप दोऱ्याने ताणून अधांतरी ठेवा. आता मधल्या फटीत आधी पुठ्ठा, मग ॲल्युमिनियमचे झाकण आणि शेवटी लोखंडी तवा सरकवा. पुठ्ठ्याने, ॲल्युमिनियमने क्लिपला काही होत नाही. तवा येताच ती पडते, कारण चुंबकीय क्षेत्र लोखंडातूनच वळून जाते. म्हणून स्टिररची तबकडी ॲल्युमिनियमची, चिनी मातीसारख्या पदार्थाची किंवा चुंबकाला न चिकटणाऱ्या स्टीलची असते. काही जण साध्या स्टिररवर लोखंडी पत्रा ठेवून त्यावर तापवायचा बेत करतात. तो का फसतो ते या क्लिपने सांगितलेच. (ॲल्युमिनियमही अगदी निर्लेप नाही. फिरणाऱ्या चुंबकामुळे त्यात भोवरी प्रवाह निर्माण होतात. तांब्याची तबकडी फिरवली की वरची चुंबकसूची तिच्यामागे वळते, हे आरागो यांनी १८२४ साली दाखवले होते, त्याचाच हा भाऊबंद. पण पातळ तबकडीत त्याची अडचण होत नाही.)

''इंडक्शनची शेगडी घरात आहे, तीही चुंबकावरच चालते, तिच्यावर का नको?'' असे आमच्या शेजारणीने विचारले. प्रश्न चांगला आहे. इंडक्शन शेगडीतले क्षेत्र सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होते, त्याने बीड फिरत नाही. काचेचे चंचुपात्रही त्यावर तापत नाही. मात्र स्टीलच्या पातेल्यात पाणी तापवून त्यात चंचुपात्र ठेवता येते. ते पातेले मग स्वयंपाकघरात परत जाता कामा नये.

आता विजेबद्दल. आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाते, आणि असते तेव्हाही पुरत्या दाबाने असतेच असे नाही. तापक तारेची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टला ३०० वॅट देणारी तबकडी १८० व्होल्टला सुमारे १८४ वॅटच देते. दाब पाऊणपटीपेक्षा थोडा अधिक, पण उष्णता मात्र जेमतेम तीन-पंचमांश! २५० मिलिलिटर पाणी ३० वरून ८० अंशांवर न्यायला सुमारे ५२ हजार जूल लागतात. सगळी उष्णता पाण्यात गेली तर ३०० वॅटला हे तीन मिनिटांचे काम आहे. प्रत्यक्षात तबकडी स्वतः तापायची असते, हवेत उष्णता जाते. आमच्याकडे चांगल्या दिवशी बारा मिनिटे लागली, पावसाळी संध्याकाळी वीस. जाहिरातीतल्या 'तीनशे अंशांपर्यंत' या शब्दांचा अर्थही समजून घ्यावा. ते तबकडीचे तापमान असते, द्रावणाचे नव्हे. तबकडी १५० अंशांवर असताना वरचे पाणी ७० अंशांवर असणे नेहमीचे आहे. द्रावणात बुडवायची तापमान-सळई सोबत असेल तरच यंत्रावरचा आकडा द्रावणाचा. नसेल तर आपली साधी तापमापी बरी. 'दोन लिटर क्षमता' हीसुद्धा पाण्यासाठी असते. खोलीच्या तापमानाला ग्लिसरीन पाण्याच्या हजारपटीहून जास्त घट्ट असते, त्यात बीड फिरेल याची हमी कुणी देत नाही.

विजेचीच आणखी एक बाब, आणि ही आम्हाला जोखमीची वाटते. वायरमनला पडवीतला प्लग दाखवला तेव्हा कळले की तीन भोकांपैकी अर्थिंगचे भोक नुसते शोभेचे होते, मागे तारच नव्हती. वर धातूची तबकडी, शेजारी नळ, मुलांचे ओले हात, आणि अर्थिंग नाही. घरातला अर्थिंगचा खड्डा जांभ्यात होता आणि वैशाखापर्यंत खडखडीत वाळला होता. आता त्यात उन्हाळ्यात पाणी घालतो आणि पडवीच्या वायरिंगला ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी बसवला आहे. तीन पिनांचा प्लग नसलेले, किंवा तिसरी पिन नुसती प्लॅस्टिकची असलेले हॉटप्लेटयंत्र फुकट मिळाले तरी घेऊ नका.

आणि ज्योत नाही म्हणून निर्धास्तही राहू नका. ईथरची वाफ १६०-१८० अंशांच्या आसपास तापलेल्या पृष्ठभागावर, ठिणगी नसतानाही, पेट घेऊ शकते. कार्बन डायसल्फाइड तर ९० अंशांना. स्वस्त यंत्रांच्या आतल्या तापनियंत्रकात आणि मोटरमध्ये ठिणग्याही पडतात. पानातल्या स्टार्चच्या प्रयोगासाठी आम्ही आता हॉटप्लेटही वापरत नाही. पाणी आत स्वयंपाकघरात तापवून आणतो आणि त्यात अल्कोहोलची परीक्षानळी ठेवतो. ज्या प्रयोगासाठी आम्ही यंत्र शोधायला निघालो, त्याला यंत्र लागलेच नाही.

मग आम्ही शेवटी काय केले? दोन्ही कामे वेगळी केली. ढवळणी घरी बनवली आणि तापवण्यासाठी जलऊष्मक, म्हणजे पातेल्यातले गरम पाणी. ढवळणीसाठी बंद पडलेल्या संगणकाचा १२ व्होल्टचा पंखा घेतला. त्याच्या मधल्या गोल टोपीवर आधी एक लोखंडी वायसर चिकटवला आणि त्यावर दोन छोटे चुंबक बसवले, एकाचा उत्तर ध्रुव वर, दुसऱ्याचा दक्षिण. दोघांमधले अंतर बीडच्या लांबीइतके ठेवले. वायसर चुंबकांना धरून ठेवतो आणि त्यांचे क्षेत्र पंख्याच्या मोटरपर्यंत जाऊ देत नाही. पहिल्या प्रयत्नात तो घातला नव्हता, तेव्हा पंखा अडखळत होता. चुंबक मध्यापासून सारख्या अंतरावर नसतील तर सगळे डबडे थरथरते. डिंकाऐवजी दोन भाग मिसळून लावायचा अराल्डाइट वापरला आणि एक रात्र वाळू दिला. हे सगळे लाकडी खोक्यात बसवून वर पातळ ॲक्रिलिकची पट्टी ठेवली. दाब कमी-जास्त करता येणारा अडॅप्टर आणि बाजारातून आणलेली टेफ्लॉनची बीड धरून खर्च पाचशे-सहाशे रुपयांत भागला. पंखा दोन-अडीच वॅटच खातो. वीज गेली तर बॅटरीवर चालतो, आणि अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टचा असल्याने दाब घसरला तरी वेग बदलत नाही. चुंबक तबकडीच्या अगदी जवळ ठेवता येतो, कारण वर चूल नाही. जलऊष्मकातून काढलेले चंचुपात्र थेट ॲक्रिलिकवर न ठेवता फरशीच्या पातळ तुकड्यावर ठेवतो.

या ढवळणीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पंखा फार हळू फिरवता येत नाही. एका मर्यादेखाली दाब नेला की तो थांबतोच. शंभर मिलिलिटरच्या चंचुपात्रात भोवरा जरा जास्तच जोरात होतो. घट्ट द्रावणात बीड मागे पडते आणि उड्या मारू लागते. असे झाले की वेग शून्यावर आणायचा, बीड मध्यभागी येऊ द्यायची आणि पुन्हा सावकाश वाढवायचा. बीड पात्राच्या व्यासाच्या निम्म्याहून जास्त लांब नसावी. द्रावण ओतताना ती बेसिनमध्ये जाते, म्हणून बाहेरून दुसरा चुंबक लावून धरायची. आमची एक बीड अशीच शास्त्री नदीच्या दिशेने गेली आहे.

तुमच्या शाळेला अनुदानातून खरेदी करायची असेल आणि ६० अंशांवर तासभर ढवळत ठेवावे लागणारे प्रयोग वरचेवर असतील, तर चांगले जोडयंत्र घ्या. मात्र मग एकच आणि दुरुस्तीची सोय असलेल्या कंपनीचे घ्या. त्यावर बोरोसिलिकेट काचेचीच, सपाट तळाची पात्रे ठेवा. तापल्यावर ही काच साध्या काचेच्या सुमारे एक-तृतीयांशच प्रसरण पावते, म्हणून तडकत नाही. लोणच्याची बरणी पहिल्याच दिवशी तडकेल. कोकणातल्या शाळांनी पावसाळ्यात यंत्र कपाटात बंद करून न ठेवता आठवड्यातून एकदा दहा मिनिटे तरी तापवावे, आत ओल राहत नाही.

बिघडलेले यंत्र आम्ही टाकून दिले नाही. त्यातले चुंबक काढून टाकले, चाते थांबवले आणि अर्थिंगची तार बदलून घेतली. आता ती नुसती हॉटप्लेट आहे आणि जलऊष्मकाखाली बसते. काढलेल्या चकत्या मुलांनी एका पेटीत ठेवल्या आहेत. शेजारी तशाच नव्या चकत्या आहेत आणि टाचण्यांची डबी. नवी चकती किती टाचण्या उचलते आणि तापलेली किती, हे येणारा प्रत्येक जण मोजून पाहतो.